पन्नासांतला सव्विसावा

कार्ड हातात आलं की बाकीची माणसं आधी चेहरा बघतात. खेळाडू कोण, बॅट कशी धरलीय, टोपीवर कुठल्या संघाचं अक्षर आहे. आमचा पत्तेवाला चेहऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तो कार्ड तिरपं करून उजेडात धरतो आणि कुठल्याशा कोपऱ्यात चमकीच्या शाईनं छापलेला बारीक अपूर्णांक शोधतो. समजा, २६/५० असा सापडला. म्हणजे हे कार्ड या रंगात अख्ख्या जगात पन्नासच छापलं आणि त्यातलं हे सव्विसावं. एवढं कळलं की तो समाधानानं श्वास सोडतो आणि मग, निव्वळ शिष्टाचार म्हणून, चित्रातला माणूस कोण तेही बघून घेतो.

न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या घरात तो राहतो. पत्तेवाला हे नाव माझ्या आईनं ठेवलेलं. आई सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला गॅरेजात टेबल मांडून, दिव्याखाली, कार्डांच्या गड्ड्या लावताना पाहिलं. तिनं तिथल्या तिथे निकाल दिला, "माणूस सज्जन दिसतो, पण पत्त्यांचा नाद आहे." मग मी तिला बेसबॉलची कार्डं म्हणजे काय ते सांगितलं. ती खेळायची नसतात, नुसती ठेवायची असतात, हेही सांगितलं. त्यानं तिचं मत सुधारलं नाही. "पत्ते निदान खेळून संपतात तरी," म्हणाली.

वय साठीच्या पुढचं. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त. जळालेलं छप्पर, ठोकलेली गाडी, पाणी शिरलेलं तळघर यांची किंमत एका नजरेत सांगण्यात त्याचं आयुष्य गेलं. आता न जळलेल्या, न ठोकलेल्या, न भिजलेल्या वस्तूंची किंमत सांगत बसतो. बोटांची टोकं कायम कोरडी आणि स्वच्छ. आमच्याकडे दिवाळीत आला तर चकलीचा एक तुकडा मोडतो आणि हात धुवायला उठतो, दुसरा तुकडा मोडतो की पुन्हा उठतो. कार्ड त्या वेळी दोन भिंती पलीकडे कपाटात असतं, पण तेलाचा भरवसा नाही.

त्याच्या जगात रंगावरून पायरी ठरते, आणि ती पायरी आपल्या समजुतीला धरून नाही. बोमन क्रोम या संचात जांभळी कार्डं २५०, निळी १५०, हिरवी ९९, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५. खेळाडू तोच, फोटो तोच, पुठ्ठा तोच. चौकट बदलली की भाव बदलला. सोन्यापेक्षा नारिंगी महाग, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. या सगळ्याच्या शिखरावर सुपरफ्रॅक्टर नावाचं, सोनेरी वलयांनी चकाकणारं कार्ड असतं आणि त्यावर लिहिलेलं असतं १/१. माइक ट्राउट या खेळाडूचं २००९ सालचं सही केलेलं असं एक कार्ड २०२० साली ३९ लाख ३६ हजार डॉलरला विकलं गेलं. ट्राउट आमच्याच राज्यातला, दक्षिणेकडच्या मिलव्हिल गावचा. त्यामुळे पत्तेवाल्याला हा आकडा घरातल्या कुणाचा पगार सांगावा तसा तोंडपाठ आहे.

टॉप्स कंपनीच्या मुख्य संचातलं सोनेरी कार्ड मात्र त्याला मंजूर नाही. ते जितकं साल तितक्या प्रती छापतात: २०२४ सालच्या कार्डाच्या २,०२४ प्रती, पुढल्या साली आणखी एक. "दरवर्षी एकानं स्वस्त होतं," तो म्हणतो. म्हणजे येशू ख्रिस्ताच्या जन्मानंतर लगेच टॉप्सनं कंपनी काढली असती तर पहिल्या वर्षीचं कार्ड खरोखर १/१ निघालं असतं. हे मी गमतीनं म्हणालो. त्यानं मान डोलावली आणि त्या काळात पुठ्ठा मिळत नव्हता, अशी अडचण सांगितली.

पण छापलेल्या पन्नासांत सगळेच सारखे असंही नाही. पहिलं, १/५०, ते मानाचं. शेवटचं, ५०/५०, तेही मानाचं. आणि तिसरं, खेळाडूच्या पाठीवर जो क्रमांक असतो तो. ट्राउटच्या पाठीवर २७ आहे, म्हणून २७/५० हे कार्ड आपल्या भावंडांपेक्षा बरंच जास्त पैसे मागतं आणि विकणारे बेधडक त्याची १/१ म्हणून जाहिरात करतात. उरलेली सत्तेचाळीस म्हणजे सामान्य जनता. आमच्या पत्तेवाल्याकडे ट्राउटचं २६/५० आहे. हे त्याच्या आयुष्यातलं दुःख आहे. मुलीच्या लग्नाला आलेलं वादळ, गुडघ्याचं ऑपरेशन, हे सगळं तो हसत सांगतो. सव्विसाव्या कार्डाबद्दल बोलताना मात्र आवाज खाली येतो. यंत्र एक फेरा आधी सुरू झालं असतं तर! सत्ताविसावं कार्ड ओरेगनमध्ये एका दंतवैद्याकडे आहे, हे त्यानं शोधून काढलंय. अठ्ठाविसावं कुणाकडे आहे हेही माहीत आहे, आणि त्या माणसाशी त्याचा पत्रव्यवहार आहे. दोघांचंही दुःख एकाच अंतरावरचं.

आता खरी गंमत अशी की ज्या दुर्मिळतेसाठी ही माणसं वेडी झाली, ती मुळात कुणी ठरवून केलेलीच नव्हती. होनस वॅग्नर या पिट्सबर्गच्या खेळाडूचं १९०९ ते १९११ च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं कार्ड हे या धंद्यातलं दैवत. वॅग्नरनं आपलं चित्र छापायला हरकत घेतली. काही म्हणतात पोरांनी त्यासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, काही म्हणतात पैसे मिळाले नाहीत म्हणून. छपाई थांबली आणि आज जेमतेम साठेक कार्डं उरलीत. त्यातलं एक २०२२ साली साडेबाहत्तर लाख डॉलरला गेलं. पत्तेवाल्याचा अर्थातच दुसऱ्या कारणावर विश्वास आहे. माणूस पैशासाठी नाही म्हणू शकतो, हे त्याला समजतं.

दुसरं दैवत म्हणजे मिकी मॅन्टलचं कार्ड. १९५२ चा टॉप्सचा संच साय बर्जर नावाच्या माणसानं ब्रुकलिनमधल्या आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून रचला. मॅन्टलचं कार्ड शेवटच्या हप्त्यात आलं, तोपर्यंत बेसबॉलचा मोसम सरत आला होता, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे. माल पडून राहिला. बर्जरनं तो विकायचा प्रयत्न केला, कुणी घेईना, म्हणून १९६० साली खोक्यांची खोकी तराफ्यावर चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, अटलांटिकमध्ये बुडवली. हे बर्जर स्वतःच सांगायचा. त्यातून वाचलेलं मॅन्टलचं एक कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. विकणारा न्यू जर्सीतलाच, आणि धंदा काय तर कचरा उचलण्याचा. त्यानं ते १९९१ साली ५० हजारांना घेतलं होतं. कचऱ्यात गेलेल्या मालाचं मोल कचऱ्यातल्याच माणसाला कळलं, यात मला तरी नवल वाटत नाही. आणखी एक गोष्ट पत्तेवाला सहसा सांगत नाही, पण मी त्याच्याच पुस्तकात वाचली: त्या शेवटच्या हप्त्यात मॅन्टलचं कार्ड इतरांच्या दुप्पट छापलं होतं. २०२२ साली जगातलं सगळ्यात महाग ठरलेलं कार्ड स्वतःच्या हप्त्यातसुद्धा दुर्मिळ नव्हतं.

समुद्राच्या खालोखाल मोठं काम केलं ते अमेरिकन आयांनी. पोरगं कॉलेजात गेलं, सैन्यात गेलं, की आईनं खोली झाडली आणि बुटांच्या खोक्यातली कार्डं कचऱ्यात. जी वाचली त्यांतली निम्मी पोरांनी सायकलच्या आऱ्यांत फडफड वाजावी म्हणून चिमट्यानं अडकवली होती. या क्षेत्रात आई या व्यक्तीला फार मोठं स्थान आहे. पत्तेवाल्याच्या स्वतःच्या आईनंही एक खोकं टाकलं होतं. त्याची आजच्या भावानं होणारी किंमत तो दर वर्षी तिच्या वाढदिवसाला नव्यानं काढतो. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

त्यामुळे माझी आई आलीय म्हटल्यावर तो मुद्दाम भेटायला आला. दुभाषा मी. त्यानं अदबीनं विचारलं, तुम्ही मुलाची काही टाकली होती का? आईला आठवत होतं. बिग फन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटवाल्यांची चित्रं मी एका डब्यात भरून ठेवली होती. "मुंग्या झाल्या होत्या. डब्यासकट रद्दीवाल्याला दिला." पत्तेवाल्यानं डोळे मिटले. मग उघडले आणि म्हणाला, तिला सांग, तुमच्यासारख्या बायकांमुळेच उरलेल्या कार्डांना किंमत आली. मी सांगितलं. आई म्हणाली, "मग राहिलेली पण टाका म्हणावं. आणखी येईल."

तो गप्प झाला. मला वाटलं रागावला. पण तो हिशेब करत होता.

काही न टाकता सगळं जपून ठेवणं त्याच्या पिढीला फार महागात पडलंय. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाकलेल्या कार्डांना सोन्याचा भाव आलाय म्हटल्यावर ऐंशीच्या दशकात सगळी अमेरिका कार्डं साठवायला लागली. पूर्वी टॉप्स एकटीच होती. १९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस आल्या, १९८९ साली अपर डेक आली, आणि सगळ्यांनी मिळून एवढं छापलं की त्या काळाला आता 'जंक वॅक्स' म्हणतात. वॅक्स म्हणजे पुड्याचा मेणकागद. जंक म्हणजे काय ते पत्तेवाल्याच्या तळघरात उतरलं की समजतं. मुलगी जन्मली तेव्हा तिच्या कॉलेजच्या खर्चासाठी त्यानं खोकी घेऊन ठेवली होती, सील न फोडलेली. तसाच विचार आणखी लाखो बापांनी केला होता. कुठल्याही आईनं काही टाकलं नाही, काही जळलं नाही, काही बुडलं नाही, एकही कार्ड सायकलला लागलं नाही. मुलगी कॉलेजात गेली ती आईच्या रात्रपाळ्यांवर. बाई परिचारिका होत्या. त्या खोक्यांवर आता तळघरातलं ओल शोषणारं यंत्र ठेवलंय. उंची अगदी बरोबर बसते.

मग कारखान्यांनीच आयांचं काम अंगावर घेतलं. १९९० साली अपर डेकनं रेजी जॅक्सनकडून २,५०० कार्डांवर सही करून घेतली, प्रत्येकावर शाईनं क्रमांक घातला आणि ती पुड्यांत मिसळून टाकली. पुढच्या वर्षी डॉनरसनं 'एलीट' नावाची कार्डं काढली, प्रत्येकी १०,००० प्रतींची. तेव्हा लोकांना दहा हजार हा आकडा लहान वाटला होता, हे आज सांगूनही खरं वाटत नाही. १९९७ साली फ्लेअर शोकेस या संचानं १/१ छापलं आणि तळ गाठला. त्याच्या खाली जायला आता फक्त शून्य उरलंय. पत्तेवाला म्हणतो, कुणीतरी तेही करील.

किंमत हा शब्द तो वापरत नाही. तो 'कॉम्प' म्हणतो. कॉम्प म्हणजे तशीच वस्तू नुकतीच कितीला विकली गेली तो आकडा. विकणाऱ्यानं किती मागितले याला त्याच्या लेखी काडीची किंमत नाही. तरुणपणी त्याचा ग्रंथ म्हणजे बेकेटचं मासिक. जेम्स बेकेट हा संख्याशास्त्राचा प्राध्यापक. १९८४ साली त्यानं मासिक काढलं आणि त्यात कार्डांच्या भावाशेजारी वर किंवा खाली जाणारे बाण छापायला सुरुवात केली. दर महिन्याला हजारो प्रौढ माणसांची मनःस्थिती त्या बाणांवर ठरत असे. आता बाण फोनमध्ये आलेत आणि महिनाभर थांबावं लागत नाही. मनःस्थिती दर दहा मिनिटांनी ठरते.

कॉम्पची सवय लागलेला माणूस कुठेही गेला तरी तेच बघतो. गणपतीत आमच्याकडे आला. मूर्ती पेणची, शाडूची. त्यानं लांबूनच, हात मागे बांधून, फार आदरानं पाहिली. हातानं रंगवलेली का? हो. म्हणजे अगदी हिच्यासारखी दुसरी नाही? नसावी. मग त्यानं मागच्या बाजूला क्रमांक कुठे घातलाय ते शोधलं. पाचव्या दिवशी विसर्जनालाही त्याला बोलावलं होतं. अंगणात मोठी बादली, आरती, मोरया. मूर्ती पाण्यात गेली तसा त्याचा चेहरा उतरत गेला. दरवर्षी असंच करता? दरवर्षी. आणि सगळे करतात? सगळे. तो बराच वेळ बादलीकडे बघत उभा राहिला, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "टॉप्सनंही हेच केलं होतं." मला वाटतं, आमच्या धर्माबद्दल त्याला खरा आदर वाटायला लागला तो त्या दिवसापासून.

कार्ड सापडलं म्हणजे संपलं असं नाही. त्याला मार्क मिळवावे लागतात. पीएसए नावाची कंपनी १९९१ पासून हा उद्योग करते. कार्ड त्यांच्याकडे पाठवायचं. ते कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र चौकटीच्या मधोमध बसलंय की नाही ते बघतात, एक ते दहामध्ये गुण देतात आणि कार्ड जाड पारदर्शक प्लास्टिकात कायमचं बंद करून परत पाठवतात. या बंद पेटीला 'स्लॅब' म्हणतात. पेटीत गेलेल्या कार्डाला पुन्हा माणसाचा हात लागत नाही. पत्तेवाला कार्ड पाठवण्याआधी आठवडाभर भिंगातून त्याचे चारही कोपरे तपासतो, मऊ फडक्यानं पुसतो, पातळ प्लास्टिकच्या पाकिटात घालतो, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, वर निळी रंगाऱ्याची टेप, आणि टेपेचं एक टोक दुमडलेलं, म्हणजे तिकडच्या माणसाला नखानं ओरबाडावं लागू नये. मग पोस्टात जाऊन विमा उतरवतो. विम्याचा फॉर्म भरताना तो जितका तरुण दिसतो तितका एरवी कधी दिसत नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये पीएसएकडे एवढी कार्डं तुंबली की त्यांनी बहुतेक सगळं नवं काम घ्यायचंच थांबवलं. लोक करोनात घरी बसले होते आणि माळे साफ करत होते. पत्तेवाल्याचीही कार्डं तिकडे अडकली होती. त्या काळात तो पोस्टमनला नावानं हाक मारायला शिकला.

शेवटी पाकीट येतं. दहा म्हणजे दहा. नऊ म्हणजे, मुलाला दहावीला ब्याण्णव टक्के पडल्यावर पुण्यातल्या काही घरांत जी शांतता पसरते ती. कुठे गेला एक मार्क? भिंग निघतं, दिवा निघतो, शेजारी बोलावले जातात. मी प्रामाणिकपणे बघतो. मला नऊ आणि दहा यांतला फरक आजतागायत दिसलेला नाही, पण बाजाराला दिसतो आणि तो कित्येकदा दुपटीचा असतो. त्याची बायको म्हणते, भिंग लावून बघायचंच तर घराच्या पन्हळीकडे बघ, तिथे पाच मार्कसुद्धा मिळणार नाहीत.

या गुणांचाच एक मोठा किस्सा आहे आणि तो त्याला सारखा सांगायला आवडतो. पीएसएनं गुण दिलेलं पहिलं कार्ड म्हणजे एक वॅग्नर. आठ गुण, वॅग्नरच्या मानानं अशक्य कोटीतले. वेन ग्रेट्झ्की या आइस हॉकीच्या बादशहानं एका भागीदाराबरोबर ते १९९१ साली सदबीजच्या लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. २००७ साली ते २८ लाखांना गेलं. आणि २०१३ साली बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं, घोटाळ्याच्या खटल्यात अडकल्यावर, कबूल केलं की विकण्याआधी आपणच त्या कार्डाच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. कापलेल्या कार्डाला नियमानं गुणच मिळत नाहीत. मी विचारलं, मग आता त्याची किंमत पडली असेल? त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. आता त्याला इतिहास आहे. "आणि कापलंय काय सुरेख!" हे म्हणताना त्याचे हात हवेत कात्री धरल्यासारखे झाले होते. विम्याच्या नोकरीत त्यानं खोट्या दाव्यांवर दया दाखवल्याचं ऐकिवात नाही.

मर्यादित छपाईचा सगळ्यात मोठा धडा त्याला २०२० साली मिळाला, आणि तो त्यानं घेतला नाही. टॉप्सनं 'प्रोजेक्ट २०२०' काढलं: वीस जुनी गाजलेली कार्डं वीस चित्रकारांना दिली, प्रत्येकानं आपापल्या ढंगात ती नव्यानं रचायची. एकूण ४०० कार्डं. प्रत्येक कार्ड विकायला फक्त ४८ तास. तेवढ्यात जितकी मागणी येईल तितकंच छापायचं आणि छपाईचा आकडा मागाहून जाहीर करायचा. सुरुवातीला कुणी फारसं लक्ष दिलं नाही, म्हणून पहिली काही कार्डं हजार-दीड हजारांतच आटोपली. कमी छापली म्हणून त्यांचे भाव चढले. भाव चढले म्हणून पुढच्या कार्डांवर उड्या पडल्या. प्रत्येकानं एक ठेवायला आणि नऊ विकायला अशी दहा-दहा घेतली. त्यामुळे छपाई हजारोंनी वाढली आणि भाव उतरले. पत्तेवाल्यानं नेमकी चढाच्या टोकाला घेतली होती. छपाईचा आकडा पाहून तो कळवळला, "एवढे लोक कोण आहेत घेणारे?" त्याच्या मांडीवर त्याच कार्डाची सहा पाकिटं होती.

प्रत्यक्ष सामना तो क्वचितच बघतो. अडीच-तीन तास लागतात आणि तेवढ्या वेळात बाजारात काहीही होऊ शकतं. मी एकदा हे त्याला बोलून दाखवलं तर त्यानं जेफरसन बर्डिकचा दाखला दिला. सिरॅक्यूजचा हा साधा कामगार या छंदाचा आद्यपुरुष. जुन्या कार्डांना आज जे सांकेतिक क्रमांक आहेत ते त्यानं घातलेले. संधिवातानं बोटं वाकडी झालेली असताना त्यानं आपला तीन लाखांहून जास्त चित्रांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला, तिथेच बसून तो वह्यांत लावला, १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये गेला. बेसबॉलचा सामना बघायला तो कधी गेला नाही असं सांगतात. पत्तेवाला बर्डिकबद्दल हात जोडून बोलतो, फक्त एका गोष्टीपाशी अडखळतो. बर्डिकनं कार्डं वह्यांत डकवली होती. गोंदानं. वॅग्नरसुद्धा. "गोंदानं," तो पुन्हा म्हणतो आणि पाणी मागतो.

२०२४ च्या मोसमाची खळबळ पॉल स्कीन्सच्या कार्डाची. पिट्सबर्ग पायरेट्सच्या या गोलंदाजानं पहिल्या सामन्यात घातलेल्या शर्टावरचं ठिगळ कार्डात बसवलेलं होतं आणि ते अर्थात १/१. २०२४ च्या नाताळात ते लॉस एंजेलिसकडच्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पुड्यातून निघालं. पायरेट्सनी जाहीर केलं होतं की कार्ड आम्हाला द्या आणि तीस वर्षं होम प्लेटच्या मागच्या दोन खुर्च्या घ्या, वर बाकीचा आहेर. घरच्यांनी नम्रपणे नाही म्हटलं आणि मार्चमध्ये कार्ड लिलावात ११ लाख डॉलरच्या वर गेलं. आमच्या पत्तेवाल्यानं पायरेट्सच्या देकाराचा कागदावर हिशेब मांडला होता: तिकिटं, विमानप्रवास, महागाईचा दर. शेवटी त्यानं कागद बाजूला सारला. पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकली १९७९ साली. "तीस वर्षं त्यांचे सामने बघायचे. म्हणजे पैसे आपणच मागायला हवेत." त्या मुलाबद्दल मात्र त्याला कौतुक आहे. अकराव्या वर्षी पुडा फोडून कार्डाला बोट न लावणं, हा संस्कार आहे, तो म्हणतो.

आणि मग या उन्हाळ्यात त्याला स्वतःलाच १/१ मिळालं.

कार्ड नव्हे, प्लेट. चाररंगी छपाईला चार पत्रे लागतात: निळसर, किरमिजी, पिवळा, काळा. छपाई झाल्यावर कंपन्या ते पत्रे कार्डाच्या मापात कापतात आणि प्रत्येकावर १/१ असा शिक्का मारून पुड्यांत घालतात. म्हणजे एका कार्डाचे चार 'एकमेव' असतात, आणि चौघांचेही मालक आपलं एकमेव आहे असं शपथेवर सांगतात. पत्तेवाल्याला किरमिजी मिळालं होतं. खेळाडू कुणीतरी राखीव गोलंदाज, बहुतेक काळ खालच्या लीगमध्ये काढलेला. पण १/१ म्हणजे १/१. आम्हाला रात्री साडेदहाला बोलावणं आलं. पत्र्यावर उमटलेला, पुसट गुलाबी माणूस टोपी सावरत होता.

दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी तो आमच्या दाराशी आला तेव्हा दाढी केलेली नव्हती. कॉम्प सापडत नव्हता. वस्तू एकच, तीही आत्ताच निघालेली, म्हणजे आधी कधी विकली गेलेली नाही. विकली गेलेली नाही म्हणजे तिची किंमत नाही. उरलेल्या तीन पत्र्यांचे मालक शोधून त्यांना विचारावं तर त्यांचाही हाच प्रश्न. आयुष्यभर ज्याच्या मागे धावला ते हातात आलं आणि त्याचं मोल किती हे सांगणारं जगात कुणी नाही. त्याची बायको म्हणाली, "आमच्या घरातला नवराही एकच छापलाय. त्यालाही कॉम्प नाही."

शेवटी, किंमत कळण्यासाठी, केवळ त्यासाठी, त्यानं प्लेट विकायला काढली. पंच्याहत्तर डॉलर. चार मिनिटांत गेली. तो तसाच फोन घेऊन आमच्या अंगणात उभा. चार मिनिटांत गेली याचा अर्थ त्यानं फार कमी मागितले. पण किती कमी? पाकीट बांधताना त्यानं टेपेचं टोक नेहमीसारखं दुमडलं, पण त्यात मन नव्हतं. महिन्याच्या आत नव्या मालकानं तीच प्लेट एकशेचाळीसला लावली. पत्तेवाल्यानं घासाघीस केली आणि एकशेवीसला परत घेतली, टपालखर्च वेगळा.

मी काही बोललो नाही. त्याची बायको बोलली, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. पत्तेवाला मात्र कित्येक दिवसांनी स्वच्छ दाढी करून, पन्हळ दुरुस्त करायला शिडीवर चढला होता. मला बघून वरूनच ओरडला. आता दोन कॉम्प आहेत. पंच्याहत्तर आणि एकशेवीस. महिन्याभरात साठ टक्के.

"बाजार," तो म्हणाला, "जोरात आहे!"